काठाची तार

इंग्रजी शिकवताना मला एक खोड आहे. शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं सोडून मी तो वर्गात करून दाखवतो. लंगडण्याचा शब्द आला की लंगडतो, कुजबुजण्याचा आला की पहिल्या बाकाजवळ वाकून कुजबुजतो. मुलं हसतात. खोटं कशाला बोलू, ती हसलेली मला फार आवडतात. माझ्या हातून आजवर जे काही वाईट घडलं आहे, त्यातलं निम्मं या आवडीपायी घडलं आहे.

अकरावीच्या एका धड्यात ‘स्मोल्डर’ हा शब्द येतो. ज्योत न दिसता आतल्या आत जळत राहणं. मराठीत याला नेमका शब्द आहे, धुमसणं. गोवरी धुमसते, उकिरडा धुमसतो, आणि वाटणीवरून भावाभावांचं बोलणं बंद झालं की घरही धुमसतं. इंग्रजीतही तीच तऱ्हा, आधी लाकूडफाटा आणि मग माणूस. तेव्हा शब्द शिकवायला अवघड नाही. अडचण एवढीच की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी गोवरी पेटलेली पाहिलेली नाही. गॅस एक तर पेटलेला असतो नाही तर बंद असतो, त्याला मधली अवस्था नाही. म्हणून बरीच वर्षं मी हा शब्द नुसता सांगून पुढे जात होतो. गेल्या वर्षी ठरवलं, हाही करून दाखवायचा.

कसा दाखवायचा ते मला पक्कं माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचं गाव मोहोळपासून आत. बारावीनंतर मी सोलापूरला शिकायला आलो आणि भवानी पेठेत एका विणकराच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. घरात नवरा-बायको दोघंच. आपसांत तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठी. पुढच्या खोलीत चादरीचे दोन माग होते आणि ते सुरू असले की माझ्या खोलीतल्या तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. पहिले आठ दिवस मला वाचता आलं नाही. नंतर असं झालं की माग बंद पडला तरच पुस्तकातून डोकं वर यायचं. त्यांना मी मामा-मामी म्हणायचो. मामा मला नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. ‘ए मोहोळ, चा पिला का?’ अशी सुरुवात व्हायची. गावाकडून पिठाचा डबा यायला उशीर झाला की मामी काही न विचारता माझं ताट वाढायच्या. चिंचेचं आंबट वरण आणि भात. मी पाच वर्षं त्या खोलीत राहिलो.

मागाच्या शेजारी भिंतीत एक कोनाडा होता, त्यात देव नव्हता, काडेपेटी होती. सुताचं नवं गाठोडं आलं की मामा त्यातली एक तार काढायचे आणि काडीनं पेटवायचे. दारात कुणी चादर बघायला आलं आणि ‘सुती आहे का नक्की?’ असं म्हणालं, की बोलत बसायचे नाहीत. चादर मांडीवर पसरायची, तार काढायची, काडी ओढायची. सूत असलं तर ते कागदासारख्या वासानं जळतं, ज्योत विझली तरी टोकाला लाल ठिपका राहतो आणि तो ठिपका हळूहळू तार खात वर सरकतो. मागे उरते मऊ करडी राख, चिमटीत धरली तर पीठ होणारी. पॉलिस्टर असलं तर तार आकसते, वितळते आणि टोकाला काळी कडक गोळी होते. एकदा मी ती गरम गोळी धरायला गेलो आणि ती बोटाला चिकटली. मामा हसले नाहीत. बोट पाण्यात धरायला लावलं आणि म्हणाले, “सूत भाजत न्हाय आसं. हे चिकटतंय बघ, सोडतच न्हाय.”

हे मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. पण मी काय पाहत होतो? मी आग पाहत होतो. मामांचा हात तार कुठून काढतो, तिकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. मुलाचं लक्ष विस्तवाकडे जातं, हे समजण्यासारखं आहे. पण मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला बारकाईनं बघणारा समजत होतो.

पुढे मी एम.ए. झालो, कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो त्या दिवशी मामा मला पहिल्यांदा ‘सर’ म्हणाले. ‘बसा की सर.’ मी ‘अहो मामा, मोहोळ म्हणा’ असं म्हणायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण ‘सर’ कानाला गोड लागलं आणि मी खुर्चीवर बसलो. मामा बाजल्यावर बसले. तेव्हापासून मी त्यांचा सर झालो आणि मोहोळ संपलं. मी जाणं कमी केलं असं नाही, पण गेलो की खुर्चीवर बसू लागलो.

मग आमचं घर झालं. जुळे सोलापूरला, वर-खाली मिळून चार खोल्या. वास्तुशांतीला गावाकडची मंडळी आली, बायकोच्या माहेरची आली, आणि स्टाफरूममधले चौघं आले. त्यात आमचे उपप्राचार्य होते. स्नेहसंमेलनाला पाहुण्यांचा सत्कार चादर देऊन करायची आमच्याकडे रीत आहे आणि त्या चादरी कुठून घ्यायच्या हे तेच ठरवायचे. आठवडाभर आधी मी त्यांना मामांबद्दल सांगून ठेवलं होतं. दुकानातून कशाला घेता, माझ्या ओळखीचे एक जुने विणकर आहेत, अस्सल सुती काम करतात. उपप्राचार्य म्हणाले होते, “येऊ देत त्यांना, वास्तुशांतीला भेटतीलच की.” मामांनाही मी हे सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवशी मामा येणार होते ते आहेर घेऊन, आणि थोडी आशाही घेऊन.

होम झाला, आरती झाली, आहेर सुरू झाले. मामा धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते, बरोबर मामी. बाकीच्यांचे आहेर चकचकीत कागदात होते. मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली चादर आणली होती, सुतळीनं बांधलेली. आम्हा दोघांना कुंकू लावलं आणि चादर माझ्या हातात दिली. विटकरी रंगाची, पांढऱ्या फुलांची. आमच्यासाठी म्हणून वेगळी विणलेली. मी ती उलगडून सगळ्यांना दाखवली आणि चौघांना म्हणालो, “हेच ते माझे मामा.”

त्यावर उपप्राचार्य चादर चाचपत सहज म्हणाले, “छान आहे. पण काय हो, हल्ली सोलापुरी म्हणून सगळा मिक्स मालच खपवतात म्हणे. कळणार कसं?”

प्रश्न मामांना होता. उत्तर मी दिलं. चार माणसं माझ्याकडे बघतायत हे दिसलं आणि माझ्यातला करून दाखवणारा मास्तर जागा झाला. “कळतं की. थांबा, मी दाखवतो.” असं म्हणून मी चादरीच्या काठाची एक तार नखानं उचकटली, ओढून काढली, आणि समईजवळची काडेपेटी घेऊन काडी ओढली. माझ्या मनात मामांची परीक्षा घ्यायचं नव्हतंच. ते पास होणार हे मला ठाऊक होतं. मला फक्त निकाल वाचून दाखवायचा होता.

तार आकसली, वितळली आणि टोकाला काळी गोळी झाली.

मग उपप्राचार्य हसले. “घ्या. म्हणजे मामांचीसुद्धा मिक्सच.” बाकीचे तिघंही हसले. वाईट मनानं नव्हे, पाहुणे जसे हसतात तसे. आणि मी काय केलं? मीही हसलो. वर म्हणालो, “काय मामा, तुम्हीसुद्धा?”

मामा गोळीकडे बघत नव्हते. चादरीच्या काठावर जिथून मी तार ओढली होती, तिथे बघत होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड मिटलं. आणि म्हणाले, “आसंल की सर. सूतवाले फसवतेत आजकाल.”

गाठोड्यागणिक तार जाळून बघणाऱ्या माणसाला सूतवाला कसा फसवेल, हे मला सुचायला हवं होतं. पाच वर्षं मी त्यांच्या घरचं खाल्लं होतं. पण मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, म्हातारपणी मामाही घसरले. थोडं वाईट वाटलं, आणि आपण किती निःपक्षपाती असंही वाटलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हे.

मामा जेवले. ताटात काही टाकलं नाही. मामी आतल्या दारात बायकांमध्ये उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं. जाताना त्या माझ्या बायकोशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, “आहेर कुणी जाळून बघतं का हो?” मी म्हणालो, “चादर नाही जाळली, तार जाळली.” ती म्हणाली, “तुम्हाला तेवढाच फरक कळतो.”

स्नेहसंमेलनाच्या चादरी त्या वर्षी नवी पेठेतल्या दुकानातून आल्या. कुणी मला विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. मामांकडे जाणं पुढे कमी झालं, मग थांबलं. मुद्दाम नाही. घर, हप्ते, पेपर तपासणं, माणसाला न जायला कारणं काय कमी असतात. आणि झाला प्रकार मी विसरून गेलो. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, पण ते खरं आहे. मी विसरलो.

पाच वर्षांनी, म्हणजे गेल्या वर्षी, तो धडा आला.

मला दोन धागे हवे होते. एक धुमसणारा आणि एक न धुमसणारा, म्हणजे फरक दिसेल. धुमसणाऱ्यासाठी देवघरातली कापसाची वात घेतली. न धुमसणाऱ्यासाठी काय घ्यावं असा विचार करताना मामांची चादर आठवली. ती मिक्स होती ना! बायको ती रोज वापरायची. माझ्या त्या प्रयोगाचा तिनं चादरीवर राग धरला नव्हता. पलंगाच्या एका खिळ्यात अडकून चादरीच्या बरोबर मध्यावर एक तार बाहेर आली होती. वेळ नव्हता, मी तीच कात्रीनं कापली आणि कागदाच्या पुडीत बांधली.

वर्गात स्टीलच्या ताटलीत आधी वात पेटवली आणि फुंकर मारली. ज्योत गेली, लाल ठिपका राहिला. “हे स्मोल्डर. विझल्यासारखं दिसतं, पण आत चालू आहे. माणसाचा रागही असाच असतो, अपमानही असाच असतो.” मुलं लिहून घेत होती. मग मी पुडी सोडली. “आता हा बघा. हा मिक्स धागा आहे. हा धुमसणार नाही, वितळेल. कारण याच्यात खरेपणा नाही.” हे शेवटचं वाक्य मला बोलता बोलता सुचलं होतं आणि आवडलंही होतं.

तार पेटली. कागदाचा वास आला. मी फुंकर मारली. ज्योत गेली आणि टोकाला लाल ठिपका राहिला. तो हळूहळू वर सरकत माझ्या बोटांकडे येऊ लागला.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी म्हणाली, “सर, हा पण सुतीच आहे की.”

“मिक्स आहे. मला माहीत आहे,” मी म्हणालो.

“पण सर, राख बघा ना.”

ताटलीत पडलेली राख मऊ आणि करडी होती. गोळी नव्हती. मी तिला म्हणालो, “लक्ष फळ्याकडे दे. बोलायला तुला कुणी सांगितलं?” मुलगी खाली बसली. एखाद्याला वर्गासमोर गप्प करणं किती सोपं असतं ते मला चांगलं माहीत आहे, ते माझं रोजचं काम आहे. पण तास संपेपर्यंत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तास सुटल्यावर तिला व्हरांड्यात थांबवलं. घरी माग आहेत का, असं विचारलं. होते. वडील टॉवेल काढत होते. मी म्हणालो, “एकाच चादरीची एक तार वितळते आणि दुसरी अशी धुमसते, असं कसं होईल?”

ती बिचकत म्हणाली, “वितळलेली काठाची होती का सर?”

“का?”

“काठाला दोन-चार तारा पॉलिस्टरच्या घालतात काही जण. काठावर ओढ जास्त असते ना, सूत तुटतं. चादर सुतीच असते. म्हणून बघताना मधली तार काढून बघायची, उभी एक आणि आडवी एक. काठावरनं कुणी बघत नाही, सर.” आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, “बाहेरच्यांना नसतं माहीत.”

बाहेरच्यांना. पाच वर्षं त्या मागांच्या आवाजात झोपलो, उठलो, जेवलो, आणि सतरा वर्षांच्या मुलीनं मला बाहेरचा म्हटलं. तिचं बरोबर होतं. मला एकदम मामांची नजर आठवली, काठावर खिळलेली. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. एक वाक्य बोलले असते तर चौघांसमोर ते खरे ठरले असते आणि मी मूर्ख ठरलो असतो. माझ्या घरात, माझ्या वास्तुशांतीला, माझ्या लोकांसमोर. म्हणून ज्या माणसानं आयुष्यात खोटी चादर विणली नाही, त्यानं खोटं बोलून माझी लाज राखली. आणि मी त्यावर हसलो होतो. त्या व्हरांड्यात मला इतकी लाज वाटली की त्या मुलीला नीट ‘जा’ म्हणणंही जमलं नाही.

तरी मी लगेच गेलो नाही. सहामाही होऊ दे, दिवाळी होऊ दे, असं करत दोन महिने घालवले. शेवटी एका रविवारी सकाळी मिठाईचा पुडा घेऊन भवानी पेठेत गेलो. हाही शहाणपणा बघा, पुडा.

पुढच्या खोलीत आता एकच माग होता. दुसऱ्याच्या जागी मोकळी फरशी, तिथे तेलाचे जुने डाग. मामा बारीक झाले होते. मला बघून त्यांनी माग बंद केला आणि खुर्ची पुसली. “या की सर. किती दिसांनी.” या वेळी मी खुर्चीवर बसलो नाही, बाजल्यावर त्यांच्या शेजारी बसलो. आणि एका दमात सगळं सांगितलं. तार काठाची होती, चूक माझी होती, चादर सुती होती, मला माफ करा.

मामा मागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सोडा की सर. जुनं झालं.”

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमच्या घरचं शुभकार्य हुतं. लोकं तुमची हुती. तितं कसं बोलायचं?”

एवढ्यावर भागलं असतं तर मी हलका होऊन घरी गेलो असतो. चहा घेऊन बाहेर आलेल्या मामींनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि उभ्या राहूनच बोलल्या.

“तुमी शिकलेले हाव सर, मला एक सांगा. चार माणसांत जाळलं आन् एकट्यात माफी मागाय आलाव?”

मामा तेलुगूत काहीतरी पुटपुटले. गप्प बस, असंच असणार. मामी गप्प बसल्या नाहीत.

“तुमाला काय ठावं हाय का? त्या दिसापासनं हे काठाला बी सूतच घालतेत. पॉलिस्टर घालायचंच न्हाय म्हणतेत. कुणी कुटनं बी वढू दे, काठावरनं वढू दे, सूतच निघाय पायजे. आन् ते काय टिकतंय? दिवसातनं धा डाव तार तुटती, माग थांबतोय, आन् मी उठून सांधती. डोळ्याला दिसत न्हाय मला आता. लोकं म्हणतेत, चादर चांगली हाय पण काठ लवकर जातोय तुमचा. जायचंच की.”

मी चहाला हात लावला नव्हता. माझ्या एका काडीनं या माणसानं आपली विणायची रीत बदलली होती. चांगल्या मालाचा मुद्दाम कमी टिकणारा माल केला होता, केवळ पुन्हा कुणी चारचौघांत काठ जाळला तर गोळी होऊ नये म्हणून. वर्गात मी म्हणालो होतो, अपमानही असाच असतो. फळ्यावर तसं लिहिलंही होतं, आणि त्याखाली रेघ ओढली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये ते चौघंही होते. मी उभा राहिलो. म्हणालो, “मला तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय. माझ्या वास्तुशांतीला मी मामांची चादर मिक्स म्हणून दाखवली होती. ती सुती होती. मी काठाची तार काढली, ती चूक होती. मामांनी फसवलं नव्हतं.”

चौघं एकमेकांकडे बघू लागले. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, “कुठली चादर हो?” दुसरे म्हणाले, “वास्तुशांतीला मी आलो होतो का?” तिसऱ्यांना जेवण आठवत होतं, बासुंदी होती म्हणाले. उपप्राचार्यांनी जरा आठवून पाहिलं. “हां, ते मिक्सवाले मामा होय?” मी पुन्हा सगळं सांगितलं, काठ, ओढ, पॉलिस्टर, मधली तार. ते म्हणाले, “असं होय. बरं बरं. तुम्ही पण सर, काय एवढं मनाला लावून घेता.” तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे हजेरीपट घेऊन निघाले. त्या आठवड्यात मी वर्गातही त्या मुलीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. ती मात्र इतकी लाजली की मला आणखी एक गुन्हा केल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, या वेळी पुडा न घेता. माग चालू होता. मामांनी तो बंद केला. मी सांगितलं, “चौघांना सांगितलं मामा. समोर उभं राहून.”

मामांनी मान हलवली. मग विचारलं, “काठाचं सांगितलं न्हवं?”

“सांगितलं. दोनदा.”

“मग काय म्हणाले?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. ‘सगळे हळहळले’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मामा माझ्यासाठी एक खोटं बोलले होते, त्याची परतफेडही झाली असती. पण मामी दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

“त्यांना आठवतच नव्हतं मामा. चादर आठवत नव्हती. एकाला फक्त मिक्स एवढं आठवत होतं.”

इतकी वर्षं रोज दहा-दहा वेळा माग थांबवला होता, तो कुणासाठी, हे मामांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “आन् तुमाला, सर? तुमाला आठवत हुतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “मीही विसरलो होतो.”

मामींनी तोंड फिरवलं. मी मान खाली घालून बसलो. त्या फरशीवरचे तेलाचे डाग मला अजून जसेच्या तसे आठवतात.

“आता तरी काठाला पॉलिस्टर घाला मामा,” मी शेवटी म्हणालो.

“बीम चढवलेलं हाय की,” ते मागाकडे बघत म्हणाले. बीम म्हणजे मागावर गुंडाळलेल्या उभ्या तारांचा रूळ, तो संपेपर्यंत मधेच काही बदलता येत नाही. “हे संपू दे. मग बघू.” आणि उठून त्यांनी माग सुरू केला.

पाच-सात मिनिटं झाली असतील. काठाची तार तुटली आणि माग थांबला. मामी पदरानं डोळे पुसत उठायला लागल्या, तेव्हा मीच आधी उठलो. तुटलेली तार सांधायची बारीक गाठ त्यांनीच मला शिकवली होती, मी वीस वर्षांचा असताना, मागच्या खोलीतून माग थांबल्यावर उठून येत असे तेव्हा. दोन्ही टोकं चिमटीत धरली, एक दुसऱ्यावरून घेतलं, फास ओढला. बोटांना आठवत होतं असं मला वाटलं.

“ओढून बघा,” मामी म्हणाल्या.

ओढली तर गाठ निसटली. पुन्हा मारली, पुन्हा निसटली. मामींनी मला हातानं बाजूला केलं, तार डोळ्यांच्या अगदी जवळ धरली आणि स्वतः गाठ मारली. मामांनी माग सुरू केला.